यंत्र मऊ, नाळ जाड

रोबो म्हटलं की आपल्याला अजूनही पत्र्याचा माणूसच दिसतो. कोपरात काटकोन, चाल कवायतीची, आवाज नाकातला. पण मंडळी, गेल्या पंधरा-वीस वर्षांत रोबोंची एक वेगळीच जमात निपजली आहे. ह्यांना हाडं नाहीत, सांधे नाहीत, गिअर नाहीत. अंग सिलिकॉन रबराचं, म्हणजे केकच्या साच्याला असतं तसलं. पिकलेला टोमॅटो न फोडता उचलणं, फटीतून अंग चोरून जाणं, माणसाच्या शरीरात शिरून कुठेही न खरचटता बाहेर येणं, ही कामं लोखंडी हातांना जमत नाहीत. ती ह्यांनी करावीत अशी अपेक्षा आहे. इकडे ह्यांना 'सॉफ्ट रोबो' म्हणतात. आपण मऊ रोबो म्हणू.

मी काही रोबोवाला नव्हे. बॉस्टनजवळच्या एका कंपनीत विजेच्या पुरवठ्याची सर्किटं करतो. भिंतीतली वीज उपकरणाला पचेल अशी करून द्यायची, हे माझं काम. एका अर्थी स्वयंपाकीच म्हणा ना! त्यामुळे कुठलंही नवं यंत्र दिसलं की ते काय करतं ह्याआधी ते काय खातं इकडे माझं लक्ष जातं. हार्वर्ड आणि एमआयटी दोन्ही जवळ असल्यामुळे इकडे असल्या विषयांवर व्याख्यानं सारखी चालू असतात. जमेल तेव्हा जातो, मागच्या रांगेत बसतो, आणि फुकटची कॉफी पितो.

तिथे पडद्यावर व्हिडिओ दाखवतात. एक रबरी प्राणी सुरवंटासारखा डौलात सरपटतोय. लोक टाळ्या वाजवतात. मी मात्र पडद्याच्या कडेला बघतो. प्राण्याच्या शेपटाकडून एक बारीक नळी निघालेली असते आणि ती चित्राच्या बाहेर कुठेतरी जाते. नळीच्या दुसऱ्या टोकाला टेबलाखाली एक कॉम्प्रेसर घरघरत असतो. म्हणजे रोबो तळहाताएवढा आणि त्याचं पोट कपाटाएवढं! ह्या नळीला मी मनातल्या मनात 'नाळ' म्हणतो.

ही नाळ आली कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. जोसेफ मॅकिबेन नावाचे एक अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले. पुढे त्यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्या हातातली ताकद गेली. १९५०च्या दशकात ह्या बापाने तिच्यासाठी एक कृत्रिम स्नायू तयार केला. कल्पना इतकी सोपी की सायकलच्या दुकानातही करून पाहता येईल. रबराची नळी घ्या, तिच्यावर तिरक्या विणीची जाळी चढवा आणि दोन्ही टोकं बांधा. आत हवा भरली की नळी फुगते, जाळी रुंदीला ताणली जाते, आणि रुंदीला ताणली गेल्यामुळे लांबीला आखडते. आखडली की ओढते. झाला स्नायू! आजच्या कित्येक मऊ रोबोंच्या अंगात ह्याच स्नायूची नातवंडं-पतवंडं आहेत. आणि त्या सगळ्यांना हवा लागते, दाबाखाली, सतत.

तुम्ही म्हणाल, बॅटरी आणि छोटा पंप पोटातच बसवा की. बसवतातही. पण बॅटरी टणक, पंप टणक, झडपा टणक. इतकं सगळं आत कोंबल्यावर तो रोबो मऊ राहत नाही, भाताच्या घासात खडा आल्यासारखं होतं. हार्वर्डच्या मंडळींनी २०१६ मध्ये 'ऑक्टोबॉट' नावाचा छोटा रबरी ऑक्टोपस केला. त्यात एकही टणक भाग नव्हता. हायड्रोजन पेरॉक्साइड आत भरायचं, प्लॅटिनमशी गाठ पडली की त्याचा वायू होतो, आणि त्या वायूवर हातपाय हलतात. सुंदर काम! पण पोटातलं इंधन संपलं की खेळ संपला, आणि तो काही मिनिटांतच संपतो. मग उरतो एकच मार्ग. अन्न बाहेरून द्यायचं, पण नळीशिवाय. बिनतारी.

आता ह्या सगळ्याचं मला एवढं काय पडलंय ते सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात. वय सत्तरीच्या पुढे. इकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारतो, पण मराठीत सांगताना 'ते'च म्हणतो, नाहीतर आईला कळलं तर ओरडेल. दोनेक वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी छातीत एक पंप बसवला. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त ओढायचं आणि महाधमनीत ढकलायचं, हे त्या पंपाचं काम. त्या पंपाची तार पोटाच्या कातडीतून बाहेर येते. बाहेर कमरेला कंट्रोलर आणि अंगावरच्या जाकिटात दोन बॅटऱ्या. रात्री झोपताना ते स्वतःला भिंतीतल्या प्लगला जोडतात. हो, स्वतःला!

तार जिथून बाहेर येते तिथली जखम कधीच पूर्ण मिटत नाही. त्यांची बायको नेमाने ड्रेसिंग बदलते. तरी जंतू त्या वाटेने आत शिरायला टपलेलेच असतात. तारेच्या वाटेने होणारा संसर्ग हा ह्या पंपांचा नेहमीचा शत्रू आहे. गेल्या हिवाळ्यात तो त्यांनाही झाला आणि तीन आठवडे हॉस्पिटलात काढावे लागले. पोहायची तर कायमची बंदी. आमच्या गावाबाहेर एक तळं आहे, तिथे हे गृहस्थ पन्नास वर्षं दर उन्हाळ्यात पोहत आलेले. आता काठावर खुर्ची टाकून बसतात.

तिथेच एकदा त्यांनी मला विचारलं, "तू विजेचा इंजिनिअर ना? माझा फोन रात्री नुसता एका चकतीवर ठेवतो, तारेशिवाय चार्ज होतो. मग मी का नाही होत?"

प्रश्न अगदी रास्त. मी तिथेच मनात हिशोब केला. पंपाला लागतात साधारण चार ते सहा वॅट. फोनची चकती पाच ते पंधरा वॅट देते. म्हणजे विजेच्या मापाने बघितलं तर हे गृहस्थ आणि त्यांचा फोन ह्यांत काही फरकच नाही!

आणि ही गोष्ट कुणी केली नाही असंही नाही. २ जुलै २००१ रोजी केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये रॉबर्ट टूल्स नावाच्या रुग्णाच्या छातीत 'ॲबिओकॉर' नावाचं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं. त्याला बाहेर येणारी तारच नव्हती. कातडीच्या आत तांब्याची एक गुंडाळी, कातडीच्या बाहेर दुसरी. बाहेरचीतून उलटसुलट प्रवाह सोडला की आतलीत वीज उपजते. १८३१ मध्ये फॅरेडेने शोधलं तेच तत्त्व, फक्त मध्ये माणसाची कातडी. शिवाय आत एक लहान बॅटरी, अर्ध्या तासापुरती. टूल्स त्या हृदयावर १५१ दिवस जगले. पुढे २०१९ मध्ये कझाकस्तानातल्या अस्तानाहून अहवाल आला की तिथे दोन रुग्णांच्या हृदयपंपांना अशीच बिनतारी वीज दिली गेली. तरीही आज नेहमीच्या वापरातले पंप तारेवरच चालतात. कारण फोनची चकती सरकली तर सकाळी फोन अर्धवट चार्ज झालेला मिळतो, एवढंच. इथे गुंडाळी सरकून चालत नाही. आणि फोन थोडा तापला तर आपण चालवून घेतो. शरीरात बसवलेलं यंत्र मात्र आजूबाजूच्या मांसापेक्षा साधारण २ अंशांहून जास्त तापू नये, असा दंडक आहे.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. मग उत्साहाच्या भरात मऊ यंत्रांचंही सांगितलं. हार्वर्ड आणि बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हृदयावर बाहेरून चढवायची एक मऊ बाही दाखवली. ती हृदयाच्या ठेक्यावर त्याला दाबते आणि पिळते. रक्ताला स्पर्शच करत नाही. आताच्या पंपात रक्त धातूला लागतं, म्हणून गुठळ्या होऊ नयेत ह्यासाठी रक्त पातळ करणारी औषधं कायम घ्यावी लागतात. ती कटकट बाहीत टळू शकेल. प्रयोग डुकरांवर झाले होते आणि चांगले झाले होते.

"आणि ती बाही चालते कशावर?" त्यांनी विचारलं. पोस्टमन माणूस, पत्ता बरोबर शोधतो!

चालते हवेवर. बाहीतले स्नायू मॅकिबेनच्याच घराण्यातले. आणि हवा येते बाहेरच्या पंपाकडून, नळ्यांतून. म्हणजे यंत्र मऊ झालं, पण आत तार होती तिथे आता नळ्या आल्या! हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "मला मऊ-टणक काही नको रे बाबा, मला तळ्यात उतरायचंय."

ह्या एका वाक्याने मला ह्या विषयाकडे बघायची दिशा दिली. मऊ रोबोंचा खरा प्रश्न मऊपणाचा नाहीच, तो नाळेचा आहे. यंत्र जितकं मऊ करत जावं तितकी त्याची नाळ जाड किंवा धोक्याची होत जाते. हवेच्या स्नायूंना दाबाखालची नळी लागते. विजेवर चालणारे मऊ स्नायूही आहेत. कोलोरॅडोच्या बोल्डर विद्यापीठात २०१८ मध्ये 'हेझेल' नावाचे स्नायू दाखवले, लवचिक पिशवीत तेल आणि बाहेरून इलेक्ट्रोड. ते झटकन हलतात, फारसे तापतही नाहीत, पण त्यांना हजारो व्होल्ट लागतात. हजारो व्होल्टची तार पोटातून बाहेर काढून तुम्ही तळ्यात उतराल का?

तार तोडायचे आजवर जे प्रयत्न झाले त्यांचे मी ढोबळमानाने तीन प्रकार करतो.

पहिला म्हणजे वीज द्यायचीच नाही, चुंबकाने थेट ओढायचं. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत मेटिन सिट्टी ह्यांच्या गटाने २०१८ मध्ये जेमतेम चार मिलिमीटर लांबीची एक रबरी पट्टी दाखवली. रबरात चुंबकाची बारीक पूड मिसळलेली. बाहेरचं चुंबकक्षेत्र बदललं की ती चालते, लोळते, उडी मारते, पोहते. एमआयटीतल्या शुआनहे झाओ ह्यांच्या गटाने २०१९ मध्ये ह्याच जातीचा एक बारीक धागा केला. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या सिलिकॉनच्या प्रतिकृतीतून तो चुंबकाने वळवत नेऊन दाखवला. फार हुशारीचं काम. पण आतला धागा जितका बारीक, तितका बाहेरचा चुंबक मोठा. शिवाय एकाच चुंबकाने सगळं अंग एकदम ओढलं जातं, हा स्नायू हलव आणि तो थांबव असं सहज सांगता येत नाही.

दुसरा प्रकार मला सर्वांत आवडतो, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. हार्वर्डमध्येच बोयवात, को आणि वूड ह्यांनी २०१७ मध्ये कागदासारख्या घड्या घालणारे छोटे रोबो दाखवले, अंगात बॅटरी अजिबात नाही. प्रत्येक सांध्याला नितिनॉलची स्प्रिंग, म्हणजे तापली की मूळ आकारात परतणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू. आणि प्रत्येक सांध्याला स्वतःचं एक सर्किट, ते ठराविक कंपनालाच जागं होणारं. बाहेर एकच गुंडाळी. तुम्हाला जुना रेडिओ आठवतो ना? हवेत सगळी स्टेशनं एकदम असायची, पण काटा फिरवून विविधभारती लावली की तीच लागायची. इथेही तसंच. बाहेरून एक कंपन सोडलं की एकच सांधा ऐकतो आणि वळतो, दुसरं सोडलं की दुसरा. बिनतारी वीज आणि बिनतारी हुकूम एकाच लहरीतून!

मग ह्याचीच हृदयाची बाही का करत नाहीत? पुन्हा स्वयंपाक्याचा हिशोब मांडू. निरोगी हृदय विश्रांतीत साधारण एक-सव्वा वॅटचं काम करतं. त्यातलं अर्धा वॅट बाहीने उचलावं असं समजू. नितिनॉल दिलेल्या विजेतली जेमतेम काही टक्केच कामात उतरवतो. २ टक्के धरले तर अर्ध्या वॅटसाठी २५ वॅट द्यावे लागतील, आणि त्यातले साडेचोवीस नुसतीच उष्णता. कॉलेजात आपण वापरायचो ते सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचंच असायचं. ते छातीत ठेवायचं? शिवाय स्प्रिंग प्रत्येक वेळी निवायला हवी, आणि हृदय तर दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके मारतं. म्हणजे हा स्नायू घडी घालायला उत्तम, धडधडायला नाही.

तिसरा प्रकार म्हणजे बाहेरून मामुली वीज घ्यायची आणि तिचं स्नायूला हवं ते रूप आतच करायचं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१८ मध्ये एक यांत्रिक माशी उडवली, वजन १९० मिलिग्रॅम. ती मऊ नव्हती, पण धडा आपल्या कामाचा आहे. तिच्यावर लेझरचा झोत टाकला की डोक्यावरचा प्रकाशघट ७ व्होल्ट देतो आणि अंगावरचं चिमुकलं सर्किट त्याचे २४० व्होल्ट करतं. झोतातून बाजूला झाली की माशी खाली. पण व्होल्टेज चढवणारं सर्किट इतकं हलकं करता येतं, हे तिने दाखवून दिलं. हेझेलसारख्या कमी तापणाऱ्या स्नायूला असं सर्किट जोडलं आणि त्याला कातडीपलीकडच्या गुंडाळीतून वीज पुरवली, तर बाहीची नळी तुटू शकेल. टणक राहील तो एवढासा एक खडा. ७ चे २४० करणं आणि हजारो करणं ह्यांत मोठी दरी आहे, हे मी जाणतो. पण पैज लावायची झाली तर मी ह्याच वाटेवर लावीन.

परवा आईला फोनवर हे सगळं सांगत होतो. ती सांगलीत असते. तिचं म्हणणं, "तार गेली म्हणजे बरंच झालं की रे. कुठेही हिंडावं." मी म्हटलं, "आई, तुझ्या इंडक्शन शेगडीवरचं पातेलं चार बोटं वर उचल बरं." शेगडी लगेच टी-टी करायला लागली. आई म्हणाली, "अगोबाई, म्हणजे तार नाही, पण लांबही जाता येत नाही होय!"

अगदी हेच. गुंडाळीच्या आकाराच्या मानाने तुम्ही लांब गेलात की अंतर दुप्पट होताच चुंबकक्षेत्र आठवा हिस्सा उरतं. २००७ मध्ये एमआयटीत मारिन सोल्याचिच ह्यांच्या गटाने दोन मीटरवरून बिनतारी विजेवर ६० वॅटचा दिवा पेटवून दाखवला. दोन्ही गुंडाळ्या सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा, एकाच ठेक्यावर झुलणाऱ्या. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो ना, तसं. तरीही गुंडाळ्या साठ सेंटिमीटर व्यासाच्या होत्या आणि वीज पोचली ४० टक्क्यांच्या आसपास. निसर्ग उधार देतो, पण व्याज अंतरावर घेतो.

परदेशात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही म्हणा. तार तुटली म्हणून बांधलेपण जात नाही. ते फक्त डोळ्यांना दिसेनासं होतं. मऊ रोबो नाळेशिवाय हलायला लागेल तेव्हाही त्याच्यापासून चार बोटांवर त्याला भरवणारं कुणीतरी असेलच. त्यात कमीपणा काही नाही. माझ्या शेजाऱ्यांना कुठे आकाशात उडायचंय? त्यांच्या कातडीला भोक नसलं आणि बाहेरचा पट्टा तासभर काठावर काढून ठेवता आला, तर तेवढ्यात तळं पोहून होतं. बिनतारीपणाची मोजपट्टी मी आता मीटरमध्ये धरत नाही, अशा तासांमध्ये धरतो.

तुमच्याही फोनवर असे रबरी प्राण्यांचे व्हिडिओ फिरत येत असतील. पुढच्या वेळी आला की टाळी जरूर वाजवा, पण तीन गोष्टी बघा. नळी किंवा तार चित्राच्या कडेने कुठे जाते? ती नसेल तर अन्न देणारी गुंडाळी, चुंबक किंवा झोत किती अंतरावर आहे? आणि वाया गेलेली उष्णता कुठे जाते? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तो रोबो शरीरात शिरायच्या वाटेवर आहे असं समजा. नाही मिळाली, तर व्हिडिओ छान आहे एवढंच म्हणा आणि पुढच्या माणसाला पाठवून द्या.